शेंडेनक्षत्राच्या निमित्ताने

परत आल्यापासून शिक्षकखोलीत जी भेटेल ती एकच विचारते, "मग, दिसला का तुमचा धूमकेतू?" 'तुमचा' म्हणतात, जणू मीच तो पाळला होता आणि दावं तोडून पळाला. दिसला, बायांनो, दिसला. काच बोटाने पुसल्यावर जो डाग उरतो ना, तेवढा दिसला. दिवसाढवळ्या दिसेल, शेपूट अर्धं आभाळ व्यापेल असं वर्तमानपत्रांनी तीन महिने छापलं, आणि शेवटी डोंगर पोखरून उंदीर निघाला. पण मला सांगायचंय ते धूमकेतूचं नाहीच. मला एका मुलीचं सांगायचंय.

मी शास्त्र शिकवते, मुलींच्या शाळेत, पुण्याला. वय सेहेचाळीस, लग्न झालेलं नाही. हे पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून टाकते. आमचं हौशी लोकांचं एक लहानसं मंडळ आहे, कोणाच्या तरी गच्चीवर जमून तारे बघतो. माझी दुर्बीण माझी मी केलेली आहे. सहा इंची आरसा, वर्षभर हाताने घासलेला, आणि प्लायवुडची लांबलचक चौकोनी पेटी. धूमकेतू खेड्यापाड्यांतल्या लोकांना दाखवायचा असं मंडळात ठरलं. सांगली आणि म्हसवडकडची एक वाडी माझ्या वाट्याला आली. बरोबर येणारे गृहस्थ ऐनवेळी तापाने पडले, तेव्हा पेटी घेऊन मी एकटीच निघाले. चौऱ्याहत्तरचा जानेवारी, पौष महिना.

सांगली

सांगलीत चौगुले अण्णांकडे उतरले. हळदीचे व्यापारी, जैन. घरात शिरलं की हळदीचा वास नाकात बसतो तो आठवडाभर जात नाही. माझ्या शालीला अजून येतोय. अण्णांनी दारातच बजावलं, "बाई, आमच्यात दिवस बुडायच्या आत जेवण. नंतर पाण्याचा थेंब नाही. तेव्हा पाच वाजता ताटावर बसायचं, मग रात्रभर तुमचे तारे." मला मनातून हसू आलं. आमच्या मंडळात नेमका तारा उगवायच्या वेळी कोणाची तरी बायको पानं वाढते आणि सगळी सभा जिन्यावरून खाली धावते. आकाश बघणाऱ्यांनी खरं तर जैनच व्हावं. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, दह्यात कालवलेली शेंगांची चटणी. कांदा-लसूण काही नव्हतं, आणि त्याची आठवणही झाली नाही.

धूमकेतूने मात्र अब्रू घेतली. पश्चिमेला साखर कारखान्याचा धूर क्षितिजावर पसरून बसलेला, त्यात रस्त्यावरचे दिवे. गच्चीवर माणूस मावत नव्हता आणि दुर्बिणीत काही मावत नव्हतं. शेवटी मी तोंड फिरवलं पूर्वेकडे. शनी यंदा मृगाच्या डोक्याशी आहे आणि त्याचं कडं असं उघडं आहे की कित्येक वर्षांत नव्हतं. अण्णांच्या म्हाताऱ्या आईंनी त्याला पाहिलं, तिथल्या तिथे हात जोडले आणि म्हणाल्या, "ह्याला एवढं भितात होय? हे तर दागिना घातलेलं पोर आहे." सगळे हसले. लोक रांगेत पुन्हा पुन्हा उभे राहिले. त्या हसण्याने मी गाफील झाले.

विट्यावरून पुढे

विट्याला गाडी बदलली. कंडक्टरने माझी पेटी लांबूनच न्याहाळली. "बाई, आत मानूस न्हाई न्हवं?"

"आरसा आहे."

"येवढा? कुनाला बघायचाय?" असं म्हणून त्याने सामानाचं तिकीट फाडलं आणि पेटी टपावर चढवू न देता मागच्या बाकाखाली स्वतः सरकवली. हरामखोर म्हणावं की भला म्हणावं, मला ठरवता येईना.

सांगलीकडचा ऊस केव्हाच मागे पडला होता. पुढे नुसता माळ. बाभळी, एखादं मेंढरांचं खांड, आणि रस्त्याच्या कडेने खडीचे ढीग. गेल्या दोन वर्षांच्या दुष्काळात सरकारने कामं काढली, माणसांनी दगड फोडले, आणि ते ढीग तसेच पडून आहेत. पाऊस यंदा झाला म्हणतात, पण जमीन अजून आजारातून उठल्यासारखी दिसत होती. मला उगाचच उदास वाटायला लागलं. पुण्याच्या माणसाला मोकळं आभाळ हवं असतं खरं, पण त्याच्याखाली इतकी मोकळी जमीन बघवत नाही.

वाडी, भोगीचा दिवस

फाट्यावर मास्तर सायकल घेऊन उभे होते. वाडीतले शाळामास्तर, तिशीतले, शास्त्राचं भलतं वेड. एका शिबिरात ओळख झाली तेव्हापासून 'आमच्या वाडीला या' म्हणून माझ्या मागे होते. सायकलीला पेटी आडवी बांधून ते माझ्या बरोबरीने चालत निघाले आणि वाटेतच त्यांनी सगळं ओकून टाकलं.

"बाई, एक सांगायचं राहिलं. आज पाहुणे येनार हायती. माझ्या बहिणीसाठी."

"पौषात?"

"म्हनून तर." मास्तर ओशाळं हसले. पौषात कोणी मुलगी बघायला जात नाही, ठाऊक आहे. पण मुलगा मिलिटरीत, त्याची रजा संपत आलेली. पौष सरायची वाट बघितली तर वर्ष जाणार. तेव्हा दोन्हीकडून तोड निघाली होती. मुलगी बघायला म्हणून नाहीच यायचं. शेंडेनक्षत्र बघायला म्हणून यायचं. वाडीत त्यांच्याच चुलत घरी उतरायचं, रात्री शाळेच्या पटांगणात सगळ्या गावाबरोबर जमायचं, तिथं मुलगी चार बायकांत दिसेल. बघितलं तर बघितलं, आणि कोणी म्हणायलाही नको की पौषात बघितलं.

म्हणजे मी, माझा वर्षभर घासलेला आरसा आणि शतकातला धूमकेतू, सगळे मिळून एक आडोसा होतो. मला राग यायला हवा होता. आलाही थोडा. पण युक्ती इतकी बेमालूम होती की मी म्हटलं, "मास्तर, वकील का नाही झालात?"

घरी मास्तरांची आई आणि बहीण इंदू. इंदू एकोणीस-वीसची असेल. सावळी, हाताची बोटं जाडीभरडी, नजर मात्र अशी की वस्तूवर ठरली की हलत नाही. दुर्बिणीची पेटी मी उघडली तेव्हा मास्तर बोलत राहिले आणि ही नुसती वाकून आरशात बघत राहिली. "ह्याच्यात तोंड मोठं दिसतंय," म्हणाली. मी म्हटलं, "तोंड बघायला नाहीच तो." "ते कळलं वो," ती म्हणाली.

भोगी होती. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, आणि ती भाजी, वांगं, घेवडा, ओला हरभरा, गाजर, बोरंसुद्धा. आई वाढता वाढता म्हणाल्या, "न खाई भोगी तो सदा रोगी. खावा बाई, लाजू नका." सांगलीत अण्णांकडे कंदमुळं चालत नाहीत, इथे गाजराशिवाय भोगी नाही. दोन दिवसांत दोन धर्म पोटात गेले आणि दोघांचंही भांडण झालं नाही.

जेवणानंतर आई हळूच म्हणाल्या, "पोरगं चांगलं हाय. झाशीला क्वार्टर मिळतीया म्हनं. लगीन झालं तर हिला संगं नेनार हाय." आणि डोळे पुसले. इंदू चुलीपुढे बसली होती. तिने ऐकलं नाही असं दाखवलं, पण भाकरी करपली.

पटांगण

दिवस मावळताना सगळी वाडी पटांगणात. पाहुण्यांतला मुलगा शंकर, कपड्यांना कडक इस्त्री, बोलणं शून्य. त्याच्या शेजारी त्याच्या वडिलांची बहीण, आत्याबाई. शंकरची आई लहानपणीच गेली, ह्याच आत्याने वाढवलं. साठीच्या, ताठ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या बघत होत्या आभाळाकडे, पण नजर बायकांच्या घोळक्यावर होती आणि त्यात इंदूवर. पसंतीची नजर होती. मला समजते ती. माझ्यावरही कधीकाळी चार-सहा जणींनी टाकून पाहिली होती आणि परत काढून घेतली होती.

धूमकेतू मला सापडला. खरंच सापडला. शुक्राच्या वर, बराच उंच, धुळीतून एक पुसट चट्टा. मी लोकांना सांगत होते, "त्याच्याकडे सरळ बघू नका. जरा शेजारी बघा, मग तो दिसेल." एक म्हातारबा डोळा लावून म्हणाले, "आवं, हे तर माझ्या डोळ्यातलं वडस हाय. घरीबी दिसतंय." दुसरा म्हणाला, "काचंवर कुनाचं तरी बोट लागलंय." हशा पिकला. तिसरा म्हणाला, "गड्या, दुष्काळ येऊन गेला, आता हे कशाला शेपूट हालवत आलंय?" मग कोणी हसलं नाही. लोक उठू लागले.

मास्तरांचा चेहरा पाहवेना. गावात महिनाभर त्यांनी दवंडी पिटली होती. त्यांची लाज राखावी म्हणून मी सांगलीत केलं तेच केलं, पेटी पूर्वेकडे फिरवली. "थांबा, एक फार सुंदर गोष्ट दाखवते," म्हटलं. नाव मी घेतलं नव्हतं. मास्तर डोळा लावून ओरडले, "अरे वा! शनी! समद्यांनी या, शनी हाय शनी!"

पटांगण मागे सरलं. खरोखर सरलं, पाण्यात दगड पडावा तसं. बायकांनी पोरं पदराआड घेतली. एक जण म्हणाला, "मास्तर, त्यानं आपल्याकडं बगीतलं तर घरंदारं जात्यात, आन् आपुन हुन त्याच्याकडं बगायचं?"

इथे मास्तरांनी थांबायला हवं होतं. पण एक तर धूमकेतूने केलेली फजिती, त्यात वर्गात रोज सांगितलेलं शास्त्र आणि समोर गाव. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी घोळक्याकडे वळून हाक मारली, "इंदे, ये. तू ये. दाखव ह्यास्नी."

इंदू आली. डोळा लावला. आणि मग ती पटांगण विसरली, पाहुणे विसरली, डोक्यावरचा पदर घसरला तोही विसरली.

"आवं बाई, ह्याला कडं हाय!" ती म्हणाली. जरा थांबून, हळू आवाजात, "आन् कड्यात न् त्याच्यात मोकळी जागा हाय. कुटंच चिकटलेलं न्हाई. मंग ते पडत कसं न्हाई?"

वीस वर्षं मी हा ग्रह लोकांना दाखवतेय. शिकलेली माणसं 'छान, छान' म्हणून बाजूला होतात. ती मोकळी जागा न सांगता एका नजरेत पाहणारी ही पहिली. मला इतका आनंद झाला की मी मूर्खासारखं म्हटलं, "अजून बघ. हवं तेवढं बघ." आणि ती बघत राहिली.

आत्याबाई उठून जवळ आल्या होत्या. इंदूच्या आईला त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "पोरीची रास काय हो?"

"कर्क," आई बोलून गेल्या, आणि बोलल्यावर त्यांना कळलं.

"म्हंजी साडेसाती लागलीया. आनि डोळ्याला डोळा लावला." मग आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमचं मालक काय करत्यात?"

"माझं लग्न झालेलं नाही."

"आनि ह्याला कवापास्नं बघताय?"

"विशी-बाविशीपासून."

"मंग!" आत्याबाई म्हणाल्या.

एवढा एकच शब्द. मी फळ्यावर शनीची कक्षा काढू शकते, त्याचं वजन सांगू शकते. पण त्या 'मंग'चा पुरावा म्हणून मीच तिथे उभी होते. शंकरने एकदा इंदूकडे आणि एकदा आत्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पाहुणे निघून गेले.

घरी मायलेकांत जुंपली. आई म्हणत होत्या, "तुला शानपना दावायला माझीच पोर गावली व्हय रं?" मास्तर आधी भांडले, मग भिंतीकडे तोंड करून बसले. इंदू माझ्या शेजारी अंथरुणावर पडली होती. मला वाटलं रडत असेल. ती म्हणाली, "बाई, दुर्बीण नसली तर तो कंचा, ते कसं वळखायचं?"

मी दारातूनच दाखवला. मृगाच्या तीन ठिपक्यांवरून वर ये, पिवळट, न लुकलुकणारा. तिने लगेच ओळखला. मग म्हणाली, "मला जायाचं हुतं वो झाशीला. तितं घरात नळ हाय म्हनं." तिने अंधारात हाताची बोटं चाचपली. "दोन वर्सं खडी फोडली म्या. पुन्यांदा दुष्काळ पडंल तवा मला हितं ऱ्हायाचं न्हाई. आन् त्यो मानूसबी बरा हाय. दुपारी आडावर मला घागर उचलू लागला, कुनी बगत न्हाई बगून."

मी तिला काय सांगणार? शनी कोणाचं काही करत नाही, हे सांगितलं. "ते मला ठावं हाय," ती म्हणाली, "आत्याबाईस्नी कोन सांगनार?"

संक्रांत

सकाळी आत्याबाई स्वतःच आल्या. हातात तिळगुळाचा डबा, मागे शंकर. मी पेटीचे स्क्रू आवळत ओसरीवर होते. म्हटलं, आता नकार तोंडावर ऐकायचा. पण आत्याबाई बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मला पहिल्यांदा त्या थकलेल्या दिसल्या.

"पोरगी मला पसंत हाय," त्या म्हणाल्या. "लपवून काय करू? रातभर झोप न्हाई मला. पन आई नसल्यालं पोर हाय, म्या वाढीवलंय. उद्या त्याला तिकडं काय झालं तर भावकी मला म्हनंल, समदं बगून-सवरून पोरगी आनली. म्हनून एकच इचारते, चार मान्सांत इचारते. इंदू, खरं सांग. काल तुला काय दिसलं?"

शंकर जोड्यांकडे बघत होता. आईंनी पदर तोंडात धरला होता. आणि मास्तर, ज्यांनी आदल्या रात्री सगळ्या गावाला शास्त्र शिकवलं, ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, यंत्र... यंत्र तवा नीट लागलं नव्हतं न्हवं?"

माझं यंत्र नीट लागलं होतं. इतकं नीट क्वचित लागतं. मी तोंड उघडलं, आणि काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही, कारण इंदूच बोलली.

"न्हाई दिसलं कायबी," ती म्हणाली. आवाज सरळ होता. "नुसता काळामिट्ट अंधार हुता. दादाच्या पुस्तकात चित्र हाय कड्याचं, त्ये बगून म्हनले म्या. न्हाई म्हनले असते तर दादाची इज्जत गेली असती."

आत्याबाईंनी इतका मोठा श्वास सोडला की सगळ्यांना ऐकू आला. "आगं बया! मीबी रातभर तेच म्हनत हुते. त्या खोक्यातनं शेंडेनक्षत्र दिसंना, शनी कुटनं दिसायला?" त्या माझ्याकडे वळल्या. "व्हय न्हवं, बाई?"

सगळी ओसरी माझ्याकडे बघत होती, एक इंदू सोडून.

"हो," मी म्हटलं. "काल हवा खराबच होती."

मग काय, आई रडल्या, हसल्या, चहा टाकला. पौष सरला की सुपारी फोडायची असं ठरलं नाही, पण ठरल्यासारखं झालं. मास्तर उगाच मोठ्याने बोलायला लागले. शंकर पहिल्यांदा तोंड भरून हसला, आणि हसला तेव्हा खरंच बरा दिसला. आत्याबाईंनी सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. इंदू वाटी घेऊन माझ्याकडे यायला निघाली, तशी आत्याबाईंनी तिच्या हातातली वाटी अलगद काढून घेतली. "ऱ्हाऊ दे, त्यास्नी मी देते." आणि दिला. भरपूर दिला. मला फार वाईट वाटलं. त्या बाईचा रागही येईना, कारण त्यात दुष्टावा नव्हता; तापवाल्या माणसापासून पोर लांब ठेवावं तितक्याच साधेपणाने तिने केलं.

निघताना मास्तर सायकल काढायला गेले. इंदू घागर घेऊन परसातून बाहेर आली आणि माझ्याजवळ जरा थांबली. वर बघितलं नाही.

"बाई, तिकडं झाशीलाबी त्यो असाच दिसंल?"

"दिसेल. कुठेही गेलीस तरी दिसेल. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तर शनी संध्याकाळी अगदी डोक्यावर असेल."

"क्वार्टरला अंगनात निजत्यात म्हनं," ती म्हणाली. "म्हंजी मला त्याच्याकडं पाठ करून निजावं लागंल." आणि घागर कमरेवर घेऊन ती आडाकडे गेली.